देऊळ दिसलं

विसराळू इफ्फत,

दादी अजून जिवंत हाय, ध्यानात हाय न्हवं? मी सांगतीया, तुझी आई लिहितीया.

देशाच्या कबड्डीच्या पोरींसाठी तू केलेल्या जर्सीचा फोटो बघितला. छातीवर आपलं पळसदेवचं देऊळ, उजनी धरणातनं वर आलेलं. "जिद्दीनं वर येतंय," म्हणालीस. अगं येडे, देऊळ वर येत न्हाय, पाणी खाली जातं! ते दिसलं की हितं समदी घागरी घिऊन टँकरची वाट बघत्यात. पोरींच्या छातीवर तू दुष्काळ काढलास.

उद्या त्या तेच घालून खेळणार. आज सांगितलं तर तुझा जीव टांगणीला, न्हाय सांगितलं तर माझा.

तुझी दादी

शबीना, सूनबाई, लिहिलंस तरी हे धाडू नको. शेंगांची चटणी तेवढी धाड, झणझणीत. पाणी आठवंल तिला.