कोबीवर चादरी

६ जानेवारी, सकाळ
आणि वर मलाच म्हणतात, आवाज कमी कर. शिलाई मशीन आहे ती, रेडिओ नाही कान पिळायला. ह्यांचं ऑफिस बंद होऊन काम घरून सुरू झालं आणि सगळं बिऱ्हाड माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसलं. लॅपटॉप, वायरी, दोन चष्मे आणि मीटिंग. मीटिंग सुरू झाली की मिक्सर नाही, नळ नाही, मशीन नाही. चमचा पडला तरी असं बघतात, जसा काय मी साहेबाच्या डोक्यात घातला. मी दवाखान्याच्या चादरींचे काठ दुमडून टीप मारते, ते काम नाही? मेट्रनबाईंना वीस तारखेला गठ्ठा द्यायचा आहे.
आजपासून शिस्त. ह्यांची मीटिंग, तेव्हा मी मागच्या अंगणात कोबीपाशी. मीटिंग संपली की मशीन. मधे स्वयंपाक. इतकं सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

६ जानेवारी, दुपार
कोबीला पाणी घातलं. मीटिंग चालूच. पुन्हा पाणी घातलं.

८ जानेवारी
ह्यांनी नवीन काढलंय. म्हणे मागे लाकडी केबिन टाकू, तयार मिळते, ट्रकने आणून ठेवतात. कुठे ठेवतात? नेमकी कोबीच्या वाफ्यावर, कारण तिथे ऊन येतं. मी म्हटलं, ऊन कोबीसाठी आहे. ह्या घरात तेवढीच एक जागा आहे जिथे मी गेले की कोणी शू म्हणत नाही. ती सोडणार नाही.
शेवटी ठरलं. महिना संपायच्या आत अंगणातला कोबी ताटात आला, तर केबिनचं नाव काढायचं नाही. हे लगेच हो म्हणाले. बिचाऱ्यांना शेतीतलं काही कळत नाही. सासूबाई हसल्या. त्या कोणाच्या बाजूने हसतात ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

१० जानेवारी
कोबीचे गड्डे धरलेत, मुठीएवढे. पोरगी म्हणते लिंबाएवढे. ती दिवसभर पांघरुणात पडून कॉलेज करते, तिला काय दिसणार. पाणी भरपूर चालू आहे, कारण मीटिंगा भरपूर चालू आहेत.
चादरींचं काम मागे पडलेलं नाही. फक्त पुढे गेलेलं नाही. उद्या पहाटे उठून उरकते.

११ जानेवारी
थंडी. उठवलं नाही कोणी.

१३ जानेवारी
रेडिओवर सांगितलं, आज रात्री दहिवर गोठणार. पानं जळतील. पोरीने फोनमध्ये बघितलं, म्हणाली आई, प्लास्टिक नको, कापड घाल. घरातली पांघरुणं सगळी माणसांवर. सासूबाईंवरच तीन. मागितलं तर म्हणाल्या, मी गारठले तर चालेल, कोबी वाचव. असं बोलल्यावर कोण हात लावणार.
शिवून झालेल्या चादरी कपाटावर नुसत्या पडून होत्या. एका रात्रीचा तर प्रश्न. सकाळी काढायच्या, झटकायच्या, घडी घालायची. तिथेही त्या कोणाच्या तरी अंगावरच जाणार आहेत.

१४ जानेवारी, सकाळ
कोबी उभा आहे. जिंकले.
चादरी पत्र्यासारख्या कडक झाल्यात. थोडी माती, थोडं हिरवं. एकीवर मांजर झोपून गेलं. धुतलं की जाईल.

१४ जानेवारी, दुपार
धुतल्या. ऊन नाही. घरात ऊब एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरात. ह्यांच्या पाठीमागे दोरी बांधून वाळत घातल्या. मीटिंग चालू होती, म्हणून चवड्यांवर गेले, आले. हूं की चूं नाही. घरून काम करायचं तर एकमेकांना असं सांभाळून घ्यावं लागतं.

१४ जानेवारी, संध्याकाळ
मोठ्या साहेबांनी ह्यांच्या मागे पांढऱ्या चादरी बघितल्या. त्यांवर दवाखान्याचा शिक्का. विचारलं, ॲडमिट कधी झालात? हे चादरींच्या ओलीने आधीच खोकत होते. झालं. सगळं ऑफिस हळहळलं. अशा अवस्थेत पण मीटिंगला बसले म्हणून कौतुक झालं आणि आठवडाभर सक्तीची विश्रांती मिळाली. खरं सांगायला तोंड उघडलं की खोकला येत होता म्हणतात.
मी म्हटलं, बघा, मीटिंग बंद. आता माझी मशीन चालणार.

१५ जानेवारी
आजाऱ्याला मशीनचा आवाज सहन होत नाही.

१७ जानेवारी
साहेबांनी चौकशीला घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला. कोणत्या वॉर्डात आहेत म्हणून विचारलं. ह्या म्हणाल्या, स्वयंपाकघरात, तिसऱ्यांदा जेवतोय. मग चादरी, कोबी, मांजर, सगळं सांगितलं. एवढं त्या माझ्याशी वर्षात बोलत नाहीत.
मी नोकरी गेली असंच धरून चालले. पण साहेब हसले म्हणे. म्हणाले, विश्रांती पुरे, सोमवारपासून मीटिंगला बसा; माणसाला बसायला धड जागा नाही, ऑफिसतर्फे केबिन पाठवतो. गुरुवारी सकाळी ट्रक.
म्हणजे कोबी मी वाचवला आणि केबिनही मीच आणली.

१८ जानेवारी
बोली ती बोली. आजच कोबी ताटात घालायचा ठरवला. पहिला गड्डा कापला, आतून सडका. दुसराही तसाच, हाताला नुसता चिकट. पोरगी म्हणाली पाणी जास्त झालं. मी म्हटलं, बापाच्या मीटिंगा जास्त झाल्या. कोपऱ्यातला एक निघाला चांगला. परतला तर वाटीच्या तळाशी बसला. ह्यांच्या ताटात वाढला. खाल्ला आणि विचारलं, आज भाजी काय आहे?
हीच होती, मी म्हटलं. माझी अट पुरी झाली. म्हणाले, हो, झाली की. पण ट्रक साहेबांचा आहे, त्यांना कसं नाही म्हणू? रागावता येईना इतकं मऊ बोलले.

२० जानेवारी
मेट्रनबाई आल्या. चादरी उजेडात धरून बघितल्या. निम्म्या परत दिल्या, डाग आहेत म्हणून. मांजराची तर चिमटीत धरली. म्हणाल्या, शिवायला स्वच्छ वेगळी जागा असेल तरच पुढचं काम देईन, नाहीतर दुसरी बाई बघते. आहे का जागा?
माझ्या तोंडून निघून गेलं, आहे. नवीन केबिन येते आहे, खास शिलाईसाठी. त्या शुक्रवारी बघायला येणार.
दुपारी ह्यांना सांगितलं. म्हणाले, बघू. मग, दोघं बसू की. मग मीटिंग लागली.
दोघं कसं बसणार? मी टीप मारणार आणि हे शू करणार. तेच पुन्हा, फक्त लाकडी. तोंडाने माझं बोलणं पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते आणि हे पान उघडंच लॅपटॉपवर ठेवते. ट्रक गुरुवारी आहे. अहो, त्या केबिनमध्ये तुमचं टेबल जाणार की माझी मशीन? बुधवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. एकच सांगायचं, आणि बघू म्हणायचं नाही.