उशिरा पडणारा पाय

प्रिय मधूमामा,

हे पत्र तुला पोचणार नाही, कळतं मला. पोचलं असतं तरी तू ते मामीकडून वाचून घेतलं असतंस, कारण चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो असं तुझं ठाम मत होतं. तरीही लिहितेय. दुपारपासून एका जागी बसवत नाहीये. भाजी करपली, स्कूटरची किल्ली उचलली आणि परत ठेवली, खिडकी उघडली, बंद केली. शेवटी म्हटलं, भांडण तुझ्याशी आहे तर तुझ्याशीच भांडावं.

येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझ्या नावाने कार्यक्रम ठेवलाय. फोटो, हार, थोडी भाषणं, आणि शेवटी अन्वर आणि मी आमच्या लॅपटॉपवर वाजवणार. मध्ये तुझा ड्रमसेट, त्याच्या स्टुलावर कोणी नाही. एवढं ठरलं होतं. आज अन्वर मामीकडे आला आणि पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "रंजू, संडे को मामाजी बजाएंगे. मेरे पास हैं वो."

त्याच्याकडे तू आहेस म्हणे. काय करायचं मी?

तू मिलमध्ये होतास तेव्हाचं मला जे आठवतं ते कानांनी आठवतं. घरी आल्यावरही तू ओरडूनच बोलायचास, वरण वाढ म्हणायलासुद्धा, कारण दिवसभर लूमच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कोणाला काही ऐकू जायचं नाही. गणपतीत मिलची झांकी निघायची, तेव्हा देखाव्याच्या ट्रकवर तू ड्रम घेऊन बसायचास. केस काळेभोर रंगवलेले, पायात पांढरे बूट. सगळ्या इंदूरने आपल्याकडे बघावं ही तुझी जन्माची हौस.

मग मिल बंद पडली. भोंगा थांबला आणि जुन्या इंदूरमधल्या आपल्या गल्लीत कुकर कधी लावायचा हेच बायकांना कळेना. तू मात्र चारचौघांत म्हणायचास, "बरं झालं, आता फुल टाइम ऑर्केस्ट्रा." खरंच बरं झालं होतं का रे? मी कधी विचारलं नाही आणि तू कधी आपण होऊन सांगितलं नाहीस.

ऑर्केस्ट्रातही फार दिवस निघाले नाहीत. बाजारात बाहेरचा माल येऊ लागला होता, त्यातच ऑक्टोपॅड आला. सुटकेसएवढं यंत्र, काडी मारली की ढोलक म्हणा, काँगो म्हणा, सगळं वाजतं. मालक तुला म्हणाले, "मधुभिया, अब इत्ता बड़ा ड्रम कौन ढोएगा?" तू घरी आलास, ड्रमसेटवर चादर टाकलीस आणि मामीला म्हणालास, घे, आता यावर पापड वाळत घाल. तिने खरंच घातले. त्यावरही तू दोन दिवस अबोला धरलास.

म्हणजे मिल गेली, ऑर्केस्ट्रा यंत्राने खाल्ला, आणि त्यानंतर भाची दारात उभी राहिली ती हातात लॅपटॉप घेऊन. मला हाकलून का नाही दिलंस?

बडा गणपतीजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आणि अन्वर शिकवत होतो. क्लासचे दोन लॅपटॉप रविवारी घरी न्यायची सरांनी परवानगी दिली होती. अन्वरला आवाजांचं वेड. प्रेशर कुकर, टेम्पोचा हॉर्न, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊच्या दुकानांतली कढई, जे मिळेल ते तो यंत्रात भरायचा आणि ओळखू येणार नाही इतकं बदलून बाहेर काढायचा. मी तालाची बाजू बघायचे. आम्हाला हवा होता खरा माणूस, खऱ्या ड्रमवर. ओळखीचा ड्रमवाला एकच.

पहिल्या रविवारी आम्ही तुझ्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात यंत्राची टिकटिक सोडली. कॉम्प्युटरबरोबर वाजवायचं तर सगळे असंच करतात. तू थोडा वेळ सहन केलंस, मग हेडफोन काढून पापडांच्या डब्यावर ठेवलास.

"ही टिकटिक कोणाची नोकरी करतेय?" तू विचारलंस.

"मामा, लॅपटॉपची ठरलेली लय असते. त्याच्याबरोबर राहावं लागतं."

"मिलमध्ये मशीनच्या मागे पळून राहिलो मी. आता रिटायर आहे. त्याला सांग, माझ्या मागे ये."

आणि तेच आम्हाला करावं लागलं. माझं एक बोट कीबोर्डच्या एका बटणावर, डोळे तुझ्या उजव्या पायावर. मोठ्या ड्रमच्या पेडलवर तुझा पाय पडला की माझं बोट पडायचं, आणि यंत्र त्या बोटाप्रमाणे चालायचं. तू हळू झालास की सगळं हळू. तू रागावून धावत सुटलास की आम्ही पाठोपाठ. तुझा पाय किंचित उशिरा पडायचा, नेहमी, आता पडेल असं वाटलं की त्याच्यानंतर. इतकी वर्षं माझं सगळं संगीत त्या उशिरावर उभं होतं. मी तुझ्या पायाकडे बघत राहायचे आणि तू माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाहीस. राग यायचा मला त्याचा.

तू गेल्यापासून हे बोट थांबत नाही. क्लासमध्ये टेबलावर, स्कूटरच्या हँडलवर, ताटाच्या काठावर टपटपत राहतं. कोणाच्या मागे जातंय ते त्यालाच कळत नाही.

आपला पहिला कार्यक्रम आठवतो? मंडळातली मंडळी भावगीतं असतील म्हणून नटूनथटून आलेली. आपल्यालाच माहीत नव्हतं पुढे काय वाजणार आहे, कारण आधी काही ठरवायचं नाही हा तुझाच हट्ट. अर्ध्या तासाने पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून अगदी नम्रपणे म्हणाले, "गाणं कधी सुरू होणार?" तू घाम पुसत म्हणालास, "काका, झालं की. आता चहा आहे." आजोबांनी चहा घेतला आणि पुढच्या वेळी परत आले.

आणि तुझा तो नियम. कार्यक्रम चालू असताना अन्वर तुझाच ठोका पकडायचा, उलटासुलटा करून तुझ्याकडे परत फेकायचा, ते तुला चालायचं, त्यावर तू लहान पोरासारखा खूश. पण संपलं की संपलं. एकदा तो म्हणाला, "मामाजी, पिछले संडे वाला मैंने रख लिया है, वोई लगा दूं?" तू काड्या खाली ठेवल्यास. "जूठा नी परोसते, भिया." उष्टं वाढत नाहीत. त्या दिवसापासून शेवटी सगळं पुसायचं, आणि तू आपल्या जागेवरून उठून स्क्रीनकडे बघायचास. तुला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, तरी "रिकामं दाखव" म्हणायचास.

एकदाच पुसायचं राहिलं. यंदाच्या गणपतीत, मिलच्या आवारात.

मिल बंद पडून इतकी वर्षं झाली तरी तुम्ही जुने कामगार वर्गणी काढून झांकी उभी करताच. दुपारी देखाव्याच्या मोटरी चालवून बघत होते, राक्षसाचा हात वर जायचा आणि खाली यायचा. तू म्हणालास, इथेच वाजवू, यांना कळू दे मी रविवारी काय उद्योग करतो ते. आपण सुरू केलं आणि थोड्याच वेळात जनरेटर बसला. राक्षसाचा हात वरच्या वर अडकला. स्पीकर मुके. आमचे लॅपटॉप तेवढे बॅटरीवर चालू, पण आवाज कुठून येणार? अन्वरने हात वर केले.

तू थांबला नाहीस. एकटाच वाजवत राहिलास, खडखड, खडखड, मध्ये एक दचका, परत खडखड. मी वेड्यासारखी मुक्या लॅपटॉपवर बोट मारत होते. सगळे कामगार हातातली कामं टाकून जवळ आले. कोणीतरी म्हणालं, "अरे मधुभिया, ये तो अपने लूम खाते की आवाज है." तुला खोकला आला, तू खोकत वाजवलंस, आणि त्या सगळ्यात मान वळवून माझ्याकडे बघितलंस. पहिल्यांदा. मी अजून तुझ्या मागे आहे का, एवढंच बघत होतास ना?

अन्वरचा छोटा माइक सरळ लॅपटॉपला जोडलेला होता. त्यात ते उतरलं. नंतर जनरेटरची धावपळ, तुझा वाढलेला खोकला, दवाखाना. दिवाळी तू बघितलीच नाहीस. पुसायचं कोणाच्या लक्षात राहणार?

आज अन्वरने ते आधी त्याच्या पद्धतीने वाजवून दाखवलं. बिचाऱ्याने खूप मेहनत घेतली होती. खोकला काढून टाकला, एकेक ठोका उचलून यंत्राच्या लयीत नेमका बसवला, म्हणजे रविवारी आम्हाला त्याच्यावर वाजवता यावं. स्वच्छ, सरळ, कुठे चूक नाही. मामी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभ्याउभ्या ऐकलं.

"हे कोण वाजवतंय?" तिने विचारलं.

"मामाजी हैं, मामीजी."

"नाही बाबा. ते इतके टायमावर कधी आले?"

अन्वर लाल झाला. मला हसू आलं आणि लगेच रडू. मी म्हटलं, "मामी, रविवारी हे लावायचं नाही. मामाला उष्टं चालायचं नाही. मी तर म्हणते हे पुसूनच टाकावं." बोलून गेले. माझाच आवाज मला मोठा वाटला. तुझा नियम पाळायचा तर पुसायलाच हवं होतं, हो ना? आणि पुसलं तर तुझ्या हातचं जगात काही उरत नाही, हेही मला माहीत होतं.

मामी म्हणाली, "आधी मूळचं लाव. न सुधारलेलं."

अन्वरने लावलं. खडखड, खडखड, दचका, तुझा खोकला, कोणाचं तरी "अरे मधुभिया". मामी ड्रमसेटजवळच्या वेताच्या मोढ्यावर बसली. संपेपर्यंत हलली नाही. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. लोकांना उष्टं वाढू नका. पण मी लग्न झाल्यापासून त्यांच्याच ताटात जेवले गं. त्यांचं उष्टं मला चालतं. हे माझ्याकडे राहू दे."

आता बोल. काय उत्तर आहे तुझ्याकडे? तू सगळ्यांना नियम घालून दिलेस, मामीला विचारलंस कधी? ती भिंतीपलीकडे पोळ्या लाटत आपलं सगळं ऐकत होती, दर रविवारी, आणि एकदाही तिला तू पुढे येऊन बस म्हणाला नाहीस. आम्हीही नाही म्हणालो. म्हणून आज मी तिच्या बाजूने आहे.

तिने आणखी एकदा ऐकलं. या वेळी मी रेकॉर्डिंग ऐकत नव्हते, खाली बघत होते. लुगड्याच्या काठाखाली तिचा उजवा पाय हलत होता. तुझ्याबरोबर. तुझ्याइतकाच उशिरा. अन्वरने आवाज बंद केला आणि तरीही तो पाय चालूच राहिला, तिच्या लक्षात न येता. माझं बोट मोढ्याच्या कडेवर आपोआप तिच्या मागे गेलं, आणि मामा, तू गेल्यापासून पहिल्यांदा ते शांतपणे चाललं.

तर ऐक. ते रेकॉर्डिंग मामीचं आहे, खोकल्यासकट, ते कोणी सुधारणार नाही आणि कोणी स्टेजवर वाजवणार नाही. रविवारी तुझ्या स्टुलावर मामी बसेल. आधी नको म्हणाली, मग विचारलं, "मला काही वाजवावं नाही ना लागणार?" मी म्हटलं, नाही, फक्त पेडलवर पाय ठेव. दोन लॅपटॉप तिच्या मागे येतील. तिने चुकवलं तर आम्ही चुकू, ती थांबली तर थांबू, आणि शेवटी सगळं पुसून मी स्क्रीन तिच्याकडे वळवेन, रिकामी.

तिने माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल. मी तिच्या पायाकडे बघत असेन.

तुझी,
रंजू