मागच्या खोलीची ओल

१ मार्च, रविवार
आधी आली ती मुंगी! माझी नात. कडी काढते न काढते तोच आत. एक चप्पल उंबऱ्यात, दुसरी थेट स्वयंपाकघरात. मागून लेक, दोन पिशव्या सांभाळत. येणार म्हणून कळवलं नव्हतं, म्हणजे मजा दुप्पट. मुंगीला सातवं लागलंय. पुढचे दोन दात पडलेत, बोलताना शिट्टी वाजते. ही वही तिनेच दिली. अर्धी गणितांनी भरलेली, अर्धी कोरी. माझी शाळा चौथीत सुटली, आता गणितांच्या पाठीवर बसून लिहितेय.

मुख्य राहिलंच! लेकीला ऑफिसच्या कामाला दोन महिने बाहेरगावी जायचंय, पंधरा मेपासून. मुंगीला ठेवायचं कुणाकडे — माझ्याकडे की विहीणबाईंकडे? विचारायचं काय त्यात! मनात मी मागच्या खोलीत गादी घालूनसुद्धा ठेवली.

२ मार्च, सोमवार
मुंगी सकाळी उठली ती खोकतच. मागच्या खोलीतच निजली होती. उशीवर भिंतीचे पोपडे पडलेले. लेकीने भिंतीला तळवा लावला, मग बोटं माझ्याच पदराला पुसली. जाताना म्हणाली, "आई, ही भिंत कोरडी झाली तर मुंगी तुझ्याकडे. नाहीतर सासूबाईंकडे. तिचा खोकला मला परवडायचा नाही."

खोटं काय बोलली? काहीच नाही. विहीणबाईंचा फ्लॅट नवा, चौथ्या मजल्यावर. "आमच्याकडे भिंती कशा कोरड्या ठणठणीत" हे वाक्य गेल्या भेटीत त्या तीनदा बोलल्या. बाई वाईट नाहीत. पण तीनदा!

मी लेकीला सांगितलं, दोष शेजारणीचा. आमच्या दोघींच्या घरांमध्ये दोन हात रुंदीचा बोळ. तिच्या न्हाणीचा पाइप तिकडेच उतरतो. तो गळतो, माझी भिंत पिते. दोन वर्षांपूर्वी तिला तसं सुनावलं, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. समोर आली की मी आभाळाकडे बघते. मान दुखते, पण बघते.

५ मार्च, गुरुवार
गवंडी आला. माणूस कमी बोलतो, शब्दाला सिमेंट लागतं जणू. भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, डॉक्टरच. मी गेल्या वर्षी ओल झाकायला ऑइलपेंट मारून घेतला होता, तो बघून कपाळाला हात लावला. म्हणे, भिंतीला रेनकोट घातलात, आतला घाम जाणार कुठे? म्हणून ओल गुडघ्याची कंबरेपर्यंत चढली. आणि वरून मी कपाट सरकवून ठेवलेलं. कपाटामागे काळी बुरशी, ही एवढी. माझ्या लग्नातली साडी खालच्या कप्प्यात होती, तिला वास लागला. धुऊन टाकली. रंग अजून तसाच आहे हो! तेव्हाचा रंग तो.

एका जागचा पेंट खरवडून त्याने प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. म्हणे चार दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकवर पाणी खोलीच्या बाजूने आलं तर हवेतलं, भिंतीच्या बाजूने आलं तर भिंतीतलं.

७ मार्च, शनिवार
हात लावला नाही. नुसतं बघितलं. अकरा वेळा.

९ मार्च, सोमवार
पाणी भिंतीच्या बाजूला. थेंबच थेंब. मी म्हटलं, बघा, पाइप! आणि गवंड्याला घेऊन बोळात गेले, अगदी तोऱ्यात.

त्याने पाइप बघितला. हात फिरवला. कोरडा. नवाकोरा पाइप.

मग त्याचं लक्ष माझ्या वाफ्याकडे गेलं. भिंतीला लागून माझे गुलाब आहेत, तीन. दरवर्षी नवी माती घालते, भर देते. सासूबाईंनी शिकवलेलं, पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही. म्हणून भांड्यांचं, भाजीचं, धुण्याचं शेवटचं, सगळं पाणी वाफ्यात. रोज चार बादल्या. गवंड्याने फावड्याने माती बाजूला केली, केली, आणि वीतभर खाली घराचं जोतं सापडलं. माझी माती जोत्याच्या वर चढून भिंतीला टेकली होती.

तो उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आजी, शेजारणीचं काही नाही यात. भिंतीला पाणी तुम्हीच पाजताय."

मी त्याला चहा दिला. दुसरं काय सुचणार.

१० मार्च, मंगळवार
आज काही लिहिण्यासारखं नाही. सांगायचं की नाही, तेवढंच. गवंडी तर बोलायचा नाही कुणाला.

११ मार्च, बुधवार
गेले. शेजारणीचं दार वाजवलं. आभाळाकडे बघायची सवय झालेली, मुद्दाम खाली बघितलं. सगळं सांगितलं, चार बादल्यांसकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी न्हाणीचा नळ पिळून पिळून बंद करते. मनगट गेलं माझं. पाइपसुद्धा बदलला. आणि तुम्ही तिकडे बादल्या ओतताय?"

मी म्हटलं, हो.

ती एवढी हसली की दाराला धरून खाली बसली. मग मीही बसले. उठताना दोघींनाही गुडघे आडवे आले, एकमेकींना ओढून उठवलं. गुलाब कुंड्यांत काढून तिच्या गच्चीत ठेवायचे ठरले, तिकडे ऊन चांगलं. पाणी घालायला मी रोज जायचं. आता बादल्या जिना चढवायच्या, शिक्षाच म्हणा.

१२ मार्च, गुरुवार
माती उपसली. जोतं उघडं. आतून कंबरेपर्यंत गिलावा तोडला. घरभर धूळ. खोली उघड्या पडलेल्या दाढेसारखी दिसते.

२६ मार्च, गुरुवार
विटांवर पांढरा लोणा फुटलाय, पीठ भुरभुरल्यासारखा. मी घाबरले. गवंडी म्हणाला फुटू दे, भिंत आतलं मीठ बाहेर टाकते. कोरड्या ब्रशाने झाडायचं, पाणी लावायचं नाही. रोज झाडते. खिडक्या दिवसभर सताड उघड्या, पंखा भिंतीकडे तोंड करून. मांजर येऊन पंख्यासमोर झोपतं. भिंतीआधी तेच वाळलं!

फोनवर मुंगीने विचारलं, आजी, भिंत बरी आहे का? म्हटलं औषध चालू आहे.

१४ एप्रिल, मंगळवार
पुन्हा प्लास्टिक लावून चार दिवस झाले होते. आज काढलं. इकडून कोरडं, तिकडून कोरडं. गवंड्याने तुकडा घडी करून खिशात घातला. मी मागितला तर म्हणाला काय करणार? मग मुकाट्याने काढून दिला. या वहीत ठेवलाय.

आता चुन्याचा गिलावा. ऑइलपेंटचं नाव काढायचं नाही, असा दम भरलाय.

३ मे, रविवार
लेक परीक्षा घ्यायला आली. मुंगीही. लेकीने भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला. मी दारात. मुंगीने नाक टेकवलं, हुंगलं, आणि म्हणाली, "आजी, खडूचा वास येतोय. शाळेसारखा." लेक माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "इथेच राहील ती."

शेजारीण बोळापलीकडच्या तिच्या खिडकीतून ऐकत होती. टाळी तिने वाजवली.

चहाच्या वेळी लेकीला वाफ्याचंही सांगितलं. आता हे पुढची वीस वर्षं ऐकावं लागणार.

६ मे, बुधवार
लेकीचा फोन. विहीणबाईंच्या छताला ओल आली. वरच्यांची न्हाणी. पलंगावर ठिबकतंय, दुरुस्तीला दोन महिने म्हणे. मुंगी येणार चौदा तारखेला, गुरुवारी. बरोबर विहीणबाई. दोन महिने.

मागच्या खोलीत दुसरी गादी घातली. भिंतीकडची. भिंत कोरडी ठणठणीत आहे, पण मी तसं म्हणणार नाही.

एकदाच म्हणेन.