सगळ्यांनाच होतं, असं तू म्हणायचीस

आई, आज एका बाईला दवाखान्यात भरती करून आले. महिन्यापूर्वी मी तिला ओळखतही नव्हते. घरी येऊन हे सांगावं असं कुणी नाही, म्हणून तुला सांगतेय.

मी आता गाझियाबादच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलींना त्या दिवसांबद्दल समजावण्याचं कामही माझ्याकडेच आहे. थोडंफार दुखतं, पण दुखण्याने शाळा बुडत असेल, चक्कर येत असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, आठवडा उलटला तरी थांबत नसेल, तर सोसत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, असं मी सांगते. गेल्या महिन्यात तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. "मॅम, मुझे हर बार उल्टी होती है. मम्मी कहती हैं, सबको होता है."

तुझंच वाक्य, आई. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पोट धरून पडलेय आणि तू पोळ्या लाटतेयस. "रडू नकोस. सगळ्यांनाच होतं." मग गॅस बंद करून तू खाली बसलीस, माझी पाठ चोळत राहिलीस, आणि त्या दिवशी तुझी ऑफिसची बस चुकली. तू स्वतः मात्र एकदाही पडून राहिली नाहीस. गडद साडी नेसायचीस, आणि क्वार्टरचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबायचीस. मला वाटायचं, तू दमली आहेस.

मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. ती उभ्यानेच म्हणाली, "बच्ची के दिमाग में बीमारी मत डालिए. मैंने भी सहा है."

"कितना सहा है?" मी विचारलं.

ती मग खुर्चीवर टेकली. अर्धा महिना अंगावरून जातं, म्हणाली, चार पावलं चालले की धाप लागते. घरात कुणाला माहीत नाही. मी तिच्या हाताकडे पाहिलं, नखं कागदासारखी पांढरी होती. "तो फिर दोनों चलिए," मी म्हटलं, "मैं साथ चलती हूँ."

डॉक्टरीणबाईंनी मुलीला औषध सुरू केलं, पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. तिच्या आईच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. आज वॉर्डात तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही, आणि मुलगी तिच्या पायाशी बसून संत्रं सोलत होती.

तुला नेलं तेव्हा उशीर झाला होता. अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं की हृदयच थकलं होतं. "किती वर्षं असं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं. तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग भिंतीकडे तोंड फिरवलंस. तुझ्यानंतर बाबा फार टिकले नाहीत. आता मराठीत बोलायला घरात कुणी नाही.

एक सांगायचं राहिलं. वर्गात मी माहवारी म्हणते, पीरियड्स म्हणते, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. तुला मात्र एवढं सगळं लिहिलं, पण मराठीतला तो साधा शब्द एकदाही लिहिता आला नाही. अजूनही तुझ्यासमोर लाज वाटते.