क्लेटशी हस्तांदोलन

उत्तर ऑन्टारियो, जानेवारी १९२४

प्रिय ऑर्विल,

हे पत्र विनी तुला वाचून दाखवणार, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. तुझ्या बहिणीची जीभ जिथं अडखळेल, तिथं तुझ्या पसंतीची एखादी घाल.

बर्फावरच्या हॉकीचा कोच होऊन मला तिसरा हिवाळा. खेळायचो तेव्हा अंग ठेचून निघायचं, पण मन स्वच्छ असायचं. आता अंगावर ओव्हरकोट असतो आणि मनात मळमळ. आपण पैसे घेऊन खेळायला लागलो तेव्हा माझ्या बापानं मला जेवत्या ताटावरून उठवलं होतं, आठवतं? "विकलेल्या माणसाबरोबर मी जेवत नाही." आपण हसलो होतो. खाणीत उतरण्यापेक्षा बर्फावर पडलेलं काय वाईट! तेच सात गडी, बदली कुणी नाही, अर्ध्या खेळात बर्फाचं पाणी झालेलं, आणि तू त्यातून चकती अशी काढायचास की समोरचेही टाळ्या वाजवायचे. आता टाळ्या कुणाला मिळतात ते ऐक.

आमच्या संघाच्या मालकानं, पेटिग्रूनं, क्लेट हार्गनला विकत घेतलंय. हो, तोच. पंचांची शिट्टी वाजल्यावर मागून येऊन तुझ्या तोंडावर स्टिक हाणणारा आणि कोर्टात "चुकून लागली, साहेब" म्हणणारा. पहिल्याच सामन्यात तो बर्फावर उतरला आणि सगळं गाव उभं राहिलं. एका बाईनं तो दिसावा म्हणून पोर खांद्यावर घेतलं. "फोड कुणाचं तरी डोकं!" म्हणून ओरडणाऱ्यांत इथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाराही होता.

सामन्यानंतर क्लेट बूट सोडत मला म्हणाला, "कोच, जुनं काही मनात नाही ना? तुझा तो काणा दोस्त आहे का अजून?" वर हसला. मी बाहेर जाऊन ओकलो. पोरांना वाटलं, दारू चढली.

तरी मी नोकरी धरून होतो. पोरं चांगली आहेत, त्यांना क्लेटच्या हाती सोडवत नव्हतं. मग सोमवारी पेटिग्रूनं बोलावलं. सिगार विझू न देता म्हणाला, "ऑर्विलला आणू या. मधल्या सुट्टीत दोघं बर्फावर हात मिळवतील. लोक रडतील, ड्युगल! उभं राहायला जागा उरणार नाही."

मी म्हटलं, "त्याचा डोळा गेलाय. दुसराही अंधुक झालाय."

"म्हणूनच तर! काळी पट्टी लावूनच यायला सांग. आणि निमंत्रण तुझ्याकडून जाऊ दे, तुला तो नाही म्हणणार नाही."

मी नाही म्हटलं. तो चिडलाही नाही. "तुझ्या सहीची गरज नाही रे," म्हणाला, "तारेत अक्षर कुठं दिसतं?"

तिथंच राजीनामा दिला. कप्तानाला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "कोच, क्लेट आल्यापासून आम्ही जिंकतोय."

म्हणून घाईनं लिहितोय. एक-दोन दिवसांत माझ्या नावानं तुला तार येईल, कदाचित आलीही असेल. 'जुन्या मित्राला भेटायला ये' असं काहीतरी गोड लिहिलेलं असेल, सोबत गाडीभाड्याची सोयही. तू खूश होऊन कोट चढवशील, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचीच धास्ती आहे. ती तार माझी नाही, ऑर्विल. घरातून हलू नकोस. शुक्रवारच्या गाडीनं मीच येतोय. विनीला सांग, काम मिळेपर्यंत राहीन, लाकडं फोडून देईन.

तुझाच,
ड्युगल