दुसऱ्यांदा न विचारलेला कौल

श्री कुलदेवता प्रसन्न.

मी पुतळी नारायण मिराशी, वय अडुसष्ट, मॅट्रिक पास, घरकाम, राहणार नंदिगड्डे, ता. जोयडा, पूर्ण शुद्धीवर आहे. आज देवपूजा उरकून, कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर माझ्या मनाने, लिहून ठेवते की माझ्या माघारी असं करावं.

१. घर व भाताचं शेत माझ्या नावावर आहे, ते मुलगा विनोद याला. परसातल्या फणसाला कुऱ्हाड लावू नये.

२. तांब्याचा मोठा हंडा दीर गुरुदास यांना. एका लग्नात नेला तो त्यांच्याकडेच आहे. आता मागत न्हाई.

३. बाराव्याला गोड एकच करावं.

४. अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या मुलगी अश्विनीची लेक रक्षिता हिला, बेंगळूरच्या कॉलेजसाठी. कारण लिहिणं भाग आहे. अश्विनीलाही बारावीनंतर बेंगळूरला नर्सिंगची सीट मिळाली होती. आमच्यात मोठ्या कामाआधी कौल लावतात. देवाच्या दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिच्या वेळी डावी पडली. मी म्हटलं, "आणखी एकदा विचारा." गुरुदास भाऊजी म्हणाले, "वैनी, देवाला काय पुरवणी परीक्षेला बसवायचा हाय?" सगळे हसले. आमचे हेही हसले. अश्विनी उठून भांडी घासायला गेली. पुढच्या वर्षी भाऊजींच्या अमोललाही डावीच पडली. तेव्हा मात्र उजवी पडेपर्यंत विचारलं. अमोल आज बेंगळुरात इंजिनियर आहे. देवावर माझा राग न्हाई. त्याने दोघांना सारखंच उत्तर दिलं होतं.

५. आता रक्षिताला सीट मिळाली, तर परवा अश्विनीच म्हणते, "आई, एकदा कौल लावूया गे. काय वंगाळ झालं म्हणजे?"

"तुझ्या वेळचं विसरलीस?"

"माझं काय वाईट झालं? दोन वेळ जेवतोय न्हवं?"

म्हणून इथे लिहिते: रक्षिताच्या शिक्षणासाठी कौल लावू नये. देवाला नारळ ठेवावा, पाया पडावं आणि बस पकडावी.

६. एवढं वाचून साक्षीदार वासू म्हणाला, "काकी, फी भरायची शेवटची तारीख मंगळवारी हाय. तुम्ही तर ठणठणीत दिसताय."

खरं आहे. सबब कलम ४ मधलं दान मरणापर्यंत न ठेवता आजच करते. बांगड्या मनगटातून निघेनात. साबणाचं पाणी अश्विनीने आणलं, आणि तिनेच त्या काढून रक्षिताच्या हातात ठेवल्या. बाकीचं माझ्यामागे.

सही: पुतळी ना. मिराशी

साक्षीदार: १. वासू वेळीप २. नेत्रा देसाई

नंदिगड्डे, रविवार, ३ ऑगस्ट २०२५