कानामागचं यंत्र

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार
इंग्रज गेल्यापासून घड्याळांची टिकटिक मऊ झाली आहे. पूर्वी दुरुस्त झालेलं घड्याळ कानाला लावलं की घोडा दौडल्यासारखं वाजे. हल्ली नुसतं गप्प. माल हलका, दुसरं काय! शेजारचे चहावाले अमजदभाई म्हणाले, दुकान दाखवा. वीस वर्षांचे शेजारी, तरी हौसेने सगळं दुकान दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. भारावले असावेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
बाजारचा दिवस. कळसचा म्हस्कू गजराचं घड्याळ घेऊन आला. म्हणाला, चालतंय. मी म्हटलं, चालणारच, बारामतीत माझ्याइतका हात कुणाचा नाही! तो मान हलवत आतल्या दाराकडे गेला. पाणी प्यायला असेल.

६ फेब्रुवारी
बायकोने, ठमाबाईने स्पष्टच सांगितलं. म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. म्हस्कू ‘चालत न्हाय’ म्हणत होता. आणि अमजदभाई म्हणाले होते, ‘आबा, कान दाखवा.’
लोक पुटपुटतात. शब्दाचं शेपूट गिळतात. त्याला मी काय करू?

१० फेब्रुवारी, पुणे
दौंडमार्गे आलो. केवळ यंत्रातला जाणकार म्हणून. विक्रेत्याने ऐकण्याच्या यंत्रांचे नमुने मांडले. पहिली खिशातली पेटी, तिची वायर कानापर्यंत. ही लावून दुकानात बसलो तर गिऱ्हाईक मलाच रेडिओ समजेल. दुसरं चष्म्याच्या दांडीतलं. चष्मा काढला की बहिरा! नामंजूर. उरलं कानामागे अडकवायचं. त्यातही दोन तऱ्हा. एकात कानात खुपसायचं तयार रबरी बोंडूक, दुसऱ्यात आपल्याच कानाचा साचा घेऊन केलेलं. साच्याला आठवडा लागतो, म्हणून बोंडूक घेतलं. विक्रेता म्हणाला, साचा घ्या, बोंडूक सैल बसलं तर शिट्टी वाजते. अडाणी माणूस.
रंग मात्र गोऱ्या साहेबाच्या कातडीचा. माझ्या कानामागे पाल बसल्यासारखी दिसते.

११ फेब्रुवारी
निश्चय : यंत्राबद्दल ठमाबाईशिवाय कुणालाही सांगायचं नाही. फेटा कानावरून बांधायचा, आणि लोक माघारी काय बोलतात ते गुपचूप ऐकायचं. सगळ्या बारामतीची अंडीपिल्ली हाती येणार!

१२ फेब्रुवारी, गुरुवार
भर बाजारात फेटा बांधून अमजदभाईंकडे बसलो. कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. माणसं किटली बघू लागली, टेबलाखाली वाकली. मीही वाकलो. अखेर अमजदभाई माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘आबा, किटली न्हाय, तुमचा कान शिजतोय.’
फेटा उतरवला. शिट्टी थांबली. गुपितही संपलं. फेट्याचं कापड खराब आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
आज पहिल्यांदाच घरी यंत्र लावलं, ठमाबाईला न सांगता, आणि फेटा न घालता दुकानात बसलो. आतल्या खोलीतून ठमाबाईचा आवाज आला. किती दिवसांनी! लग्नात होता तसाच, जरा खर्जातला. ती म्हस्कूला सांगत होती, ‘घड्याळ हितं ठेव, सांजच्याला ने. त्यांना सांगू नगंस. दोन वरसं झाली, त्यांनी केलेलं एकूण एक घड्याळ मी पुन्ना उघडती. टिकटिक ऐकू येत न्हाय त्यांना, कळायचं कसं?’
माझ्या हातातला चिमटा खाली पडला. तोही ऐकू आला.

संध्याकाळी विचारलं, शिकलीस कुठे? ती म्हणाली, ‘इतकी वरसं तुमच्याम्होरं बसून भिंग पुसलं, डोळं काय मिटून घेतलं हुतं?’ मग म्हणाली, ‘लोकं तुमाला हसली असती. मला न्हाय सोसलं.’ मी यंत्र काढून ठेवलं. यापुढे काही ऐकायला नको होतं. थोड्या वेळाने परत लावलं, ती आणखी काही बोलत असली तर? ती भाकऱ्या थापत होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
नवी व्यवस्था. ठमाबाई भिंग लावून गादीवर, मी गल्ल्याजवळ. गिऱ्हाइकांशी बोलायचं अवघड काम माझ्याकडे. तिला मीच तयार केलं, असं लोकांना सांगायचं ठरवलं आहे.
दहा वाजता इंदापूरचे एक अनोळखी गुरुजी आले. मी वाकून विचारलं, काय सेवा?
म्हणाले, ‘बाई हायेत का? नसतील तर उद्या येतो.’
यंत्र उत्तम आहे. अक्षर न् अक्षर ऐकू आलं.